दोन गुरुजी, चार इयत्ता

कामगार-चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने प्राथमिक शिक्षकाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मला मात्र हा विषय परका वाटत नाही. कोणत्याही माणसाची स्थिती समजून घ्यावयाची तर त्याचे काम काय, ते किती तास चालते, त्याचा मोबदला काय आणि त्याच्यावर हुकूम कोणाकोणाचा चालतो, हे चार प्रश्न आधी विचारावेत, अशी आम्हा मंडळींची सवय आहे. हेच प्रश्न भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील गुरुजींविषयी आणि बाईंविषयी विचारून पाहावेत, एवढाच येथे हेतू आहे. शिक्षणशास्त्र मी शिकलेलो नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे वाचन झाले ते कायद्याच्या पुस्तकांचे आणि हाती येईल त्या छापील कागदाचे. त्यामुळे बालमानसशास्त्रावर माझ्याकडून काही ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रथम मुलूख पाहू. पुण्याहून सातारा रस्त्याने निघाले की नसरापूरजवळ उजव्या हाताला वेल्ह्याकडे रस्ता फुटतो आणि थोडे पुढे कापूरहोळला भोरकडे. भोर ही पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे हा राजगड-तोरण्याचा तालुका. त्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. बोलताना लोक अजून वेल्हेच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो. २०११ च्या जनगणनेत या सबंध तालुक्याची वस्ती सुमारे चोपन्न हजार भरली. पुण्याच्या एखाद्या उपनगरात याहून अधिक माणसे राहतात.

या दोन तालुक्यांतील नद्या आपल्याला नावानिशी ठाऊक नसतील, पण त्यांचे पाणी आपण पितो. आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, वेळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर आणि गुंजवणीवर तिचे स्वतःचे धरण. पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याच्या नळाला येते. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जाते. धरणे खोऱ्याच्या तळाशी झाली. तळाशीच चांगली जमीन आणि मोठी गावे होती. ती पाण्याखाली गेल्यावर काही माणसे दूर पुनर्वसनाला गेली आणि काही डोंगराच्या अंगाला वर सरकली. पंधरावीस उंबऱ्यांची वाडी, त्यापलीकडे धनगरवाडा, ओढ्याकाठी कातकऱ्यांची चारदोन घरे, आणि मध्ये फुगलेले पाणी किंवा डोंगराची सोंड, असा आजचा भूगोल आहे. वेल्ह्यात किंवा हिरडस मावळात शाळा लहान का, याचे पहिले उत्तर या भूगोलात आहे. दुसरे उत्तर, वाडीतील तरुण माणूस पोटासाठी पुण्या-मुंबईला किंवा शिरवळच्या कारखान्यांत गेला आणि मुलांना बरोबर घेऊन गेला.

आता कामाचे तास. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवावयाचे असते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावयाचे असतात. शिक्षकाचा आठवडा, तयारी धरून, किमान ४५ तासांचा. कारखान्याच्या ४८ तासांच्या आठवड्याशी ताडून पाहिले तर हे काही भयंकर नाही, असे कोणी म्हणेल. पण गोम वेगळीच आहे. वाडीतील शाळेत मुले चौदा, शिक्षक दोन, आणि इयत्ता चार. एक गुरुजी पहिली-दुसरी घेतात, दुसऱ्या बाई तिसरी-चौथी. म्हणजे ज्या वेळी पहिलीची मुले अक्षर गिरवायला शिकत असतात त्या वेळी दुसरीने पाटीवर बेरजा करीत गप्प बसावयाचे असते. आठशे तासांतील चारशे तास प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षक येतो. उरलेले चारशे तास मूल आपले आपण शिकत असते किंवा खिडकीबाहेर पाहत असते. दोघांपैकी एकाला पंचायत समितीच्या बैठकीस, प्रशिक्षणास किंवा टपाल पोहोचविण्यास जावे लागले की चारही इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात. मग प्रत्येक इयत्तेला तासाचा पाव भाग उरतो. शहरातील शाळेत एका वर्गाला पूर्ण तास एक शिक्षक मिळतो. दोन्हीकडची मुले पुढे एकाच परीक्षेला बसतात.

याला तोंड देण्याची युक्ती जुनी आहे. हुशार मुलाने लहानांना शिकवावे, चौथीतील मुलीने पहिलीच्या दोघांना पाढे म्हणवून घ्यावेत. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळा अशाच चालत. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासेच्या अनाथालयात मुलांकरवी मुलांना शिकविण्याची पद्धत चालविली, तिच्यावर १७९७ साली पुस्तक लिहिले, आणि विलायतेत ती मद्रास पद्धत म्हणून गाजली. कमी पैशांत अधिक मुले शिकतात म्हणून तेथील धनिकांना ती फार आवडली. पैसे वाचतात म्हटले की कोणतीही पद्धत शास्त्रशुद्ध ठरते, हा अनुभव आम्हाला कारखान्यातही आहे. तथापि चांगला गुरुजी या अडचणीतूनही वाट काढतो, हे मान्य केले पाहिजे. चारही इयत्तांना एकच गोष्ट सांगावयाची. पहिलीने तिचे चित्र काढावयाचे, दुसरीने तिच्यातील शब्द लिहावयाचे, चौथीने ती आपल्या भाषेत पुन्हा लिहावयाची. गणितासाठी हिरड्याच्या बिया, ओढ्यातील खडे, बाजाराचा हिशोब. असे वर्ग पाहिले म्हणजे मुलांची संख्या कमी असणे हा काही निव्वळ तोटा नाही, हेही समजते. चौदा मुलांच्या शाळेत कोणते मूल कोठे अडले आहे, हे गुरुजींना वहीत पाहावे लागत नाही.

दुपारी भात शिजतो. १९९५ साली शाळेतील मुलांना महिन्याला तांदूळ देण्याची योजना सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. ही गोष्ट फार चांगली झाली. ज्या घरातील आईबाप सकाळीच कामाला जातात, त्या घरातील मुलाचे खरे जेवण तेच असते. आता हिशोब पाहा. लहान मुलामागे शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. चौदा मुले आली तर एक किलो चारशे ग्रॅम तांदूळ, दोनशे ऐंशी ग्रॅम डाळ, सातशे ग्रॅम भाजी आणि सत्तर ग्रॅम तेल. उद्या दोघे तापाने आजारी पडले की सगळे आकडे बदलले. स्वयंपाक एखादी बाई अल्प मानधनावर करते. शिक्षकाने चव पाहून नोंद करावयाची, शिल्लक मोजावयाची आणि उपस्थितीचा आकडा रोज मोबाईलवरून वर पाठवावयाचा. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यात मोबाईलला रेंज मिळते ती एखाद्या टेकाडावर किंवा रस्त्याच्या वळणावर. शाळा सुटल्यावर त्या वळणावर फटफटी उभी करून एखादे गुरुजी हात वर धरून उभे दिसले तर ते सूर्याला अर्घ्य देत नसतात, भाताचा आकडा पाठवीत असतात.

शिकविण्यापलीकडची कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात म्हटले आहे. त्याला अपवाद तीन : दहा वर्षांची जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि न शिकविण्याच्या दिवशीच घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितले आहे. कायदा वाचावयास सोपा. पण मतदान केंद्राचा अधिकारी म्हणून वाडीत ज्याची नेमणूक होते तो बहुधा शिक्षकच असतो, कारण सरकारचा कायम नोकर असा तेथे दुसरा असतोच कोण? तलाठ्याकडे अनेक गावे, ग्रामसेवकाकडे दोनतीन. शाळा तेवढी रोज उघडते. सरकारला डोंगरात पोहोचलेला एकच हात सापडतो आणि ज्या त्या खात्याला त्याच हाताकडून काम करवून घ्यावेसे वाटते.

येथे महात्मा फुल्यांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी फार विचारपूर्वक लिहिले आहे. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा. तो शेतकरी वर्गातला, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारा असावा. आणि गावचे हिशोब तपासणे, दस्त नोंदविणे, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे त्याच्याकडे दिली तर गावात त्याचे वजन वाढेल, असे त्यांनी सुचविले. म्हणजे शाळेबाहेरचे काम हा फुल्यांना शिक्षकाच्या प्रतिष्ठेचा मार्ग वाटत होता. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी अधिकाराची कामे सुचविली होती. आपण माहिती गोळा करण्याची हमाली दिली. दस्त नोंदविणारा मास्तर आणि वरून आलेला तक्ता संध्याकाळी पाचच्या आत भरून देणारा मास्तर, यांत फरक आहे.

तरीही अधिकाराचे एक काम गुरुजींकडे आजतागायत राहिले आहे आणि त्याचे महत्त्व शहरातील लोकांना सहसा कळत नाही. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. मूल शाळेत आले की त्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख त्यात लिहितात. शाळा सोडताना त्यावरून दाखला देतात. जुन्या काळी वाडीत जन्माची नोंद कोण करी? आई सांगे, भाटघरचे पाणी उतरले होते तेव्हाचा, किंवा थोरलीच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यातला. गुरुजी पोराकडे पाहत, डोक्यावरून हात घेऊन कान धरावयास सांगत, आणि १ जून ही तारीख टाकीत. शाळेचे वर्ष जूनचे, तेव्हा त्या दिवशी सहा वर्षे पुरी झाली की नाव दाखल करण्यास अडचण नको. महाराष्ट्रात हजारो माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो तो यामुळे. सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी ३१ मे रोजी निरोपसमारंभांची जी गर्दी उडते तिचेही कारण तेच. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो.

कामगारांच्या वयाचे वाद आम्ही पुष्कळ पाहतो. कारखान्यात माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडतो, भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन त्या वयावर ठरते, आणि वय सिद्ध करावयाचे तर शाळेचा दाखला लागतो. चाळीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका खोलीत कोणी अंदाजाने टाकलेल्या तारखेने एखाद्या घरातील दोन वर्षांचा पगार जातो किंवा येतो. जातीच्या दाखल्याचे तर याहून बिकट. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा विचारतात. तो पुरावा शोधत माणसे येतात ती आजोबांच्या शाळेत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यात आणि पुढे सबंध राज्यात जी दप्तरे उघडली गेली त्यांत शाळांची रजिस्टरेही होती. कातकरी बापाकडे बहुधा जमिनीचा उतारा नसतो, घराचा कागद नसतो; त्याच्या मुलाचे नाव शाळेत पडले तर त्या घराण्यात पहिला कागद तयार होतो. तेव्हा ही ओळ ज्याने लिहिली त्याचे अक्षर आणि त्याची सचोटी यांना मोल आहे. शेकडो दाखल्यांत चुका का निघतात, याचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे की ही ओळ लिहीत असताना शेजारी दुसरी इयत्ता गोंगाट करीत असते.

मोबदल्याविषयी शहरात बोलणे निघाले की, मास्तरांना आता पगार भरपूर, असे ऐकू येते. कायम शिक्षकाची गोष्ट खरीच आहे. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि वर महागाईभत्ता मिळतो. शिरवळच्या कंत्राटी कामगाराला हे ऐकून हेवा वाटला तर मी त्याला दोष देत नाही. पण हा पगार आकाशातून पडलेला नाही. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप चोपन्न दिवस चालला. त्या संपात भाकरीवाचून राहिलेली घरे होती. आणि कायम शिक्षक होण्यापूर्वीची पायरी पाहावी. २००० साली शिक्षणसेवक योजना आली : तीन वर्षे, महिना तीन हजार. ते मानधन पुढे सहा हजार झाले आणि सोळा हजार व्हावयास २०२३ साल उजाडले. वाड्यांवरील वस्तीशाळा ज्यांनी सुरू केल्या त्या स्वयंसेवकांना महिना हजार रुपये मिळत. त्यांतील निमशिक्षकांना शिक्षक म्हणून सामावून घेतले ते २०१४ साली. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. एकाच खोलीत शिकविणाऱ्या दोघांपैकी एकाची म्हातारपणाची सोय आहे आणि दुसऱ्याची बाजाराच्या चढउतारावर सोपविलेली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सात दिवसांचा संप झाला तो याच प्रश्नावर.

शिक्षक गावात राहत नाहीत, ही तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. घरभाडे भत्ता मुख्यालयाचा घ्यावयाचा आणि बिऱ्हाड धायरी-कात्रजला ठेवावयाचे, हे सर्रास चालते. रोज साठसत्तर किलोमीटर येऊन पुन्हा तितकेच जाणारा माणूस शाळा सुटण्याच्या घंटेकडे डोळे लावून बसला तर नवल नाही, आणि पहिली घंटा उशिरा झाली तर त्याचा जाब गावाने विचारावा. संघटनेनेही विचारावा, सभासदाच्या हक्काइतकेच त्याच्या कामाकडे लक्ष न देणारी संघटना गावाच्या मनातून उतरते. पण वाडीत राहावयाचे कोठे? पूर्वी देवळाच्या ओवरीत किंवा पाटलाच्या माडीवर गुरुजींची सोय होई. आज बाई शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांना कुलूप लावता येईल अशी खोली आणि न्हाणी हवी, आणि त्यांची स्वतःची मुले पाचवीनंतर शिकावयाची असतात. रायरेश्वराच्या पठारावर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तेथे चढून जावयास लोखंडी शिड्या आहेत. पावसाळ्यात त्या शिड्यांवरून धुक्यात वर जाणाऱ्या शिक्षकाला मुख्यालयाचा नियम वाचून दाखविण्यापूर्वी एकदा स्वतः चढून पाहावे. बदल्या आता संगणकावर होतात, अवघड क्षेत्र निराळे धरले जाते, पतिपत्नींना जवळ आणण्याची सोय आहे. वशिला कमी झाला हे चांगले झाले. तरी अवघड क्षेत्रातील नेमणूक ही बहुतेकांच्या दृष्टीने मोजून काढावयाची वर्षे असतात.

शाळाच नसलेल्या गावांसाठी महर्षी कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि पै-पैसा जमवून शाळा चालविल्या. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी आल्या आणि पुढे वाडीवाडीला शाळा झाली. आता चाक उलटे फिरू पाहत आहे. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार. पुढे ठेवलेली उदाहरणे दोन : नंदुरबारचे तोरणमाळ आणि आपल्या वेल्ह्यातील पानशेत. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, अशा लहान शाळांतील दोनपैकी एक जागा निवृत्त किंवा पंधरा हजारांवरील कंत्राटी माणसाने भरावी असे ठरले; त्याविरुद्ध २५ सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजेवर जाऊन रस्त्यावर आले, आणि कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णय २०२५ साली रद्द झाला.

पानशेतच्या प्रयोगाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. तेथे इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळतो, खेळावयास सवंगडी मिळतात, मुलांची ने-आण करावयास गाडी आहे. आधी दाखविलेला चारशे तासांचा तोटा तेथे भरून निघतो. प्रश्न गाडीचा आहे. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावयास हवी. जुलैत दरड आली, रस्ता खचला, डिझेलचे बिल थकले, चालकाचे कंत्राट संपले, तर सहा वर्षांच्या मुलीने काय करावयाचे, याचे उत्तर लेखी, वर्षानुवर्षांच्या तरतुदीसह मिळाल्याशिवाय वाडीची शाळा बंद होऊ नये, असे माझे मत आहे. धनगरवाड्यावरील मुलगी गाडी चुकली तर पायी जात नाही. ती घरी राहते आणि धाकट्याला सांभाळते. ज्या मुलीला गुरुजी घरी जाऊन बोलावून आणीत, तिला गाडीचा चालक बोलावणार नाही.

शाळा बंद झाली म्हणजे तिचे दप्तर दुसऱ्या शाळेकडे वर्ग होते. घंटा, फळे, सतरंज्या, भाताची भांडी यांची यादी होते आणि शिक्षक जडवस्तू संग्रहावर सही करून चार्ज देतात. त्या यादीत जनरल रजिस्टरही असते, १ जूनच्या सगळ्या जन्मतारखांसह. पुढे वाडीतील एखाद्या म्हाताऱ्याला नातवासाठी आपल्या बापाचा दाखला हवा झाला तर तो धरणाचा वळसा घालून तेथे जाईल, आणि ज्यांनी ती वाडी कधी पाहिली नाही अशा गुरुजींना पिवळ्या पानांवर ते नाव शोधावे लागेल.